लो बँडचे 'डबल निगेटिव्ह' आणि 'हे व्हॉट': पंचवीस वर्षं हळू वाजवणाऱ्यांनी आवाज का फाडला?

उत्तररात्र

'डबल निगेटिव्ह' पहिल्यांदा लावला तेव्हा मला वाटलं हेडफोन गेला. वायर हलवून पाहिली, दुसरा हेडफोन लावला, मग स्पीकरवर लावून पाहिलं. सगळीकडे तीच खरखर, लाटेसारखी येणारी-जाणारी, आणि तिच्या तळाशी कुणीतरी गातंय असा नुसता भास. रेकॉर्डिंगच असं आहे हे कळायला वेळ लागला. हा अल्बम सप्टेंबर २०१८ चा. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२१ मध्ये 'हे व्हॉट' आला आणि तो बँडचा शेवटचा ठरला. गेले काही आठवडे दोन्ही पुन्हा लागोपाठ ऐकतोय, आणि यावर नीट बोलावंसं वाटलं म्हणून हा धागा.

लो ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, लेक सुपिरिअरच्या काठावर डुलूथ शहर आहे. तिथे १९९३ मध्ये अ‍ॅलन स्पारहॉक (गिटार, गायन) आणि मिमी पार्कर (ड्रम्स, गायन) या नवरा-बायकोनं एका बेसवादकाला घेऊन बँड सुरू केला. दोघांची ओळख शाळेपासूनची. बेस वाजवणारे पुढे बदलत गेले, हे दोघं शेवटपर्यंत राहिले. तो काळ ग्रंजचा, जिकडेतिकडे गिटारींचा गदारोळ. यांनी गाणी संथ केली, आवाज खाली आणला, दोन सुरांमध्ये इतकी जागा सोडली की त्या रिकाम्या जागेची वाट बघायची सवय लागावी. पहिला अल्बम 'आय कुड लिव्ह इन होप' १९९४ चा. समीक्षकांनी या प्रकाराला 'स्लोकोर' म्हटलं; बँडला ते नाव कधी फारसं रुचलं नाही. सुरुवातीच्या कार्यक्रमांमध्ये लोक बडबड करायला लागले की हे आवाज वाढवायचे नाहीत, आणखी कमी करायचे.

अशा बँडनं पंचविसाव्या वर्षी ही खरखर का आणली, हा माझा प्रश्न होता. आता मला जे वाटतं ते सांगतो. १९९४ ला त्यांचं गाणं ऐकायला कान पुढे करावा लागायचा, कारण ते फार हळू होतं. २०१८ ला पुन्हा कान पुढे करावा लागतो, कारण गाण्यावर वादळ बसलंय. श्रोत्याकडून त्यांना जे हवं होतं ते पंचवीस वर्षांत बदललेलंच नाही. दोन्ही वेळा माणसाचा आवाज ही सहज हाती न लागणारी गोष्ट आहे, आणि ती मिळवायला आपल्याला जागचं हलावं लागतं.

पहिली तीन गाणी, 'कोरम', 'डान्सिंग अँड ब्लड' आणि 'फ्लाय', अल्बम यायच्या आधी एकत्रच प्रसिद्ध केली होती, एकमेकांना जोडलेल्या व्हिडिओंसह. ती सुटी ऐकू नका. 'कोरम'मध्ये स्पारहॉकचा आवाज खरखरीखाली बुडतो आणि वर येतो. 'डान्सिंग अँड ब्लड'मध्ये खोल ठोका सुरू होतो आणि त्यावर पार्करचा आवाज दुरून यावा तसा. मग 'फ्लाय'. तिथे पार्कर एकदम वरच्या पट्टीत, जवळजवळ उघडी गाते, खाली बेस, आणि आठ-दहा मिनिटं आवळून धरलेला श्वास सुटतो. हे सुख 'फ्लाय' एकटं ऐकून मिळत नाही. मी करून पाहिलंय. एकटं ते फक्त एक सुंदर गाणं आहे.

तसंच आठवं गाणं, 'डान्सिंग अँड फायर'. त्याच्या आधी 'द सन, द सन' हा जवळजवळ शब्दच नसलेला, नुसता तरंगणारा तुकडा आहे. त्यातून बाहेर आलं की गिटारच्या साध्या तारा आणि दोघांचे आवाज. पंचवीस वर्षांपूर्वीचे लो जसेच्या तसे, पण आता ते ऐकताना भीती वाटत राहते की खरखर कधी परत येईल.

तुम्ही हे अल्बम कसे ऐकलेत ते लिहा. न आवडलेल्यांनी तर नक्की लिहा.

तबकडी

न आवडलेल्यांपैकी मी एक, आणि मनापासून लिहिते.

माझ्यासाठी लो म्हणजे 'थिंग्ज वी लॉस्ट इन द फायर', २००१. स्टीव्ह अल्बिनीनं रेकॉर्ड केलेला. त्यात खोली ऐकू येते. ब्रश ड्रमच्या चामड्यावर फिरतो तो ऐकू येतो. आणि त्या दोघांचे आवाज! वेगवेगळे सूर, पण एकाच श्वासातून निघाल्यासारखे. इतकी वर्षं एकत्र राहून, एकत्र गाऊनच असं होत असणार. जगात असा स्वरमेळ फार थोड्यांकडे होता. तो हातात असताना 'डबल निगेटिव्ह'मधल्या 'टेम्पेस्ट' या गाण्यात आवाज इतका फाडायचा की एक शब्द कळू नये? मी ते गाणं चार वेळा ऐकलं. चारही वेळा वाटलं, सुंदर चित्र काढून त्यावर कुणी शाई ओतली आहे.

दुसरं, मला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. बँडला वीस-पंचवीस वर्षं झाली की तरुण निर्माता आणायचा, त्याच्याकडची यंत्रं आपल्या गाण्यांवर चालवायची आणि 'आम्ही अजून थांबलेलो नाही' असं सांगायचं. पुष्कळ जुन्या बँडनी केलंय. दहा वर्षांनी त्यातली यंत्रं जुनी वाटतात आणि खाली गाणं उरलेलं नसतं.

कानसेन

आवाज मिक्स करणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून तांत्रिक बाजू लिहितो. ती कळली की आवडेलच असं नाही, पण काय चाललंय ते दिसेल.

ती जी लाट येते-जाते, तिच्यामागे कॉम्प्रेसर आहे. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो, म्हणजे हळू आणि मोठा यांतलं अंतर कमी करतो. त्याला दुसऱ्याच वाद्याचा आवाज ऐकवून त्यावरून दाबायलाही लावता येतं, याला साइडचेन म्हणतात. नाचाच्या संगीतात हे सर्रास चालतं: किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) वाजली की बाकी सगळं क्षणभर खाली जातं आणि परत फुगून वर येतं, त्यामुळे गाण्याला धाप लागल्यासारखा झोका मिळतो. तिथे तो झोका नाचायला लावतो. 'डबल निगेटिव्ह'मध्ये तीच क्रिया इतकी टोकाला नेली आहे की ठोका पडला की गाणारा माणूस नाहीसा होतो. ठोका आणि आवाज एका वेळी एकाच जागेवर राहू शकत नाहीत. एकानं यायचं तर दुसऱ्यानं जायचं.

तबकडी म्हणतात तशी शाई नंतर ओतलेली असती तर ती सगळीकडे सारखी पसरली असती. इथे खरखर गाण्याच्या श्वासाबरोबर उघडते आणि मिटते. 'डिसअरे' ऐका, शेवटचं गाणं. तुकडे-तुकडे केलेला गुरगुरता ठेका, त्यावर दोघांचा मेळ स्वच्छ, शब्द कळतील असा. ठेका फाटका, गाणं अखंड. 'टेम्पेस्ट'मध्ये आवाज फाटतो आणि 'डिसअरे'मध्ये तो परत मिळतो. अल्बमचा क्रम मला तरी असाच लावलेला दिसतो.

'हे व्हॉट'ला ग्रॅमीच्या 'बेस्ट इंजिनिअर्ड अल्बम, नॉन-क्लासिकल' विभागात नामांकन होतं. हा विभाग ध्वनिमुद्रणाच्या कारागिरीसाठी आहे. फाटक्या आवाजाचा अल्बम तिथे पोचला याचा आमच्या धंद्यातल्या लोकांना फार आनंद झाला होता.

उत्तररात्र

तबकडी, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर आधी लिहितो, कारण तिथे मला तारखा महत्त्वाच्या वाटतात.

निर्माता बीजे बर्टन. त्यानं लोबरोबर पहिलं काम 'वन्स अँड सिक्सेस'वर केलं, २०१५ मध्ये, शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ओ क्लेअरजवळच्या एप्रिल बेस स्टुडिओत. तो अल्बम बऱ्यापैकी ओळखीच्या लोचा आहे. 'डबल निगेटिव्ह'साठी त्यांनी पद्धत बदलली. आधीची रीत म्हणजे गाणी लिहायची, बसवायची, मग स्टुडिओत जाऊन पटकन उतरवायची. या वेळी ते अर्धवट कच्चे आराखडे घेऊन बर्टनकडे जात राहिले, जवळपास दोन वर्षं, पुन्हा पुन्हा. म्हणजे तयार गाण्यावर यंत्र चालवलं असं झालं नाही. गाणं तिथेच, त्या यंत्रांमध्येच वाढलं. 'हे व्हॉट'ही त्याच्याबरोबरच. एकाच माणसाबरोबर सलग तीन अल्बम. तरुण दिसण्यासाठी कुणाला आणायचं तर इतका काळ कुणी थांबत नाही.

आणि हे वेड जुनं आहे. २००५ चा 'द ग्रेट डिस्ट्रॉयर' निर्माता डेव्ह फ्रिडमनबरोबर केला, त्यात गिटार मोठी झाली. २००७ चा 'ड्रम्स अँड गन्स' त्याच्याचबरोबर, त्यात लूप (पुन्हा पुन्हा फिरणारे आवाजाचे तुकडे), यांत्रिक ठोके, सगळं सुकं आणि टोचणारं. मध्येच 'द इन्व्हिजिबल वे' (२०१३, निर्माता विल्को बँडचा जेफ ट्वीडी) साधा, पियानोचा. ते पुढे-मागे करत राहिले.

त्याच २०१३ च्या जूनमध्ये मिनियापोलिसला वॉकर आर्ट सेंटरच्या आवारात 'रॉक द गार्डन' महोत्सव होता. लोनं आपल्या वेळात एकच गाणं वाजवलं, 'डू यू नो हाउ टू वॉल्ट्झ?'. हे १९९६ च्या 'द कर्टन हिट्स द कास्ट'मधलं, तिथेही ते चौदा मिनिटांच्या आसपास आहे. त्या दिवशी ते अर्ध्या तासाजवळ नेलं. एक धरून ठेवलेला सूर, घोंघावणारा, हळूहळू फुगत जाणारा. शेवटी स्पारहॉक माइकवर 'ड्रोन, नॉट ड्रोन्स' एवढंच म्हणाला आणि सगळे निघून गेले. सूर हवाय, बिनमाणशी विमानं नकोत. लोकांमध्ये उभी फूट पडली, कित्येकांना ती फसवणूक वाटली. पण त्या घोषणेवरून मिनियापोलिसमध्ये पुढच्या वर्षी २८ तासांचा अखंड ड्रोन कार्यक्रम सुरू झाला, ज्यात वादक येतात-जातात आणि सूर तुटू देत नाहीत.

'डबल निगेटिव्ह'ची मुळं मला त्या दुपारच्या सुरात दिसतात. हा आवाज त्यांच्याकडे १९९६ पासून होता.

'टेम्पेस्ट'बद्दल मात्र तुमच्याशी भांडणार नाही. तिथे मलाही शब्द हवे होते.

एकतारा

ड्रम वाजवतो, म्हणून पार्करबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ती उभी राहून वाजवायची. समोर एक-दोन ड्रम आणि एक झांज, हातात बहुतेकदा ब्रश. बस, एवढंच. आम्ही लोक आजूबाजूला दहा गोष्टी मांडून बसतो आणि रिकामी जागा दिसली की भरतो. ती भरायची नाही. ठोका जिथे पडायचा तिथे पडला की पुढच्यापर्यंत तिचा हात थांबलेला असायचा. इतक्या संथ लयीत वाजवणं काय असतं हे वाजवून बघावं. जलद लय तुम्हाला ओढत नेते. संथ लयीत प्रत्येक ठोका पडण्याआधी मन दहा वेळा घाई करतं. त्यात ती एकाच वेळी गायचीही.

'हे व्हॉट'मध्ये ऐका, ड्रम जवळपास नाहीतच. ड्रम वाजवणारीनं ड्रम काढून ठेवले! 'व्हाइट हॉर्सेस'मध्ये लय कुठून येते? गिटारचा आवाज मध्येच कापलाय, त्या कापलेल्या कडांमधून. गाणं संपल्यावर तो कापलेला ठोका एकटा टकटक करत राहतो, बराच वेळ, कंटाळा येईल इतका, आणि मग तीच लय धरून 'आय कॅन वेट' सुरू होतं. ही थांबण्याची सवय तिचीच आहे, हात काढून घेतला तरी. शेवटच्या 'द प्राइस यू पे'मध्ये ड्रम येतात तेव्हा मला दरवेळी भरून येतं.

पाऊलवाट

अशा अल्बमची चर्चा निघाली की रेडिओहेड या ब्रिटिश बँडचा 'किड ए' (२०००) येतोच, मीही आणते. त्यांनी 'ओके कम्प्युटर'नंतर गिटार बाजूला ठेवली, गाणाऱ्याचा आवाज यंत्रातून काढला, एकही सिंगल (सुटं प्रसिद्ध केलेलं गाणं) काढलं नाही, आणि तरी अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पण तिथे मागचं घर सोडून निघून जाण्याची ओढ ऐकू येते. लोमध्ये तसं नाही.

मला जवळचा वाटतो टॉक टॉकचा 'स्पिरिट ऑफ ईडन', १९८८. सिंथ-पॉपमधून, म्हणजे सिंथेसायझरवरच्या पॉप संगीतातून आलेला बँड. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत महिनोन्‌महिने अंधार करून रेकॉर्डिंग केलं, एकेक वादक बोलावून तासन्‌तास वाजवून घेतलं आणि त्यातले मोजके क्षण ठेवून बाकी काढून टाकलं. तिथे शांतता कापून-कापून मिळवली आहे. त्यांचा गायक मार्क हॉलिस, त्याचा आवाज तिथेही अर्धा कळतो, अर्धा नाही. त्यांचं रेकॉर्ड कंपनीशी भांडण नंतर कोर्टात गेलं. तबकडी, तुम्हाला शब्द न कळण्याचा राग येतो, तर हॉलिसचा येतो का? मला खरंच जाणून घ्यायचंय, कारण मला त्याचा येत नाही आणि 'टेम्पेस्ट'चा थोडा येतो, आणि का ते मला सांगता येत नाहीये.

तबकडी

नाही येत. हॉलिस शब्द गिळतो, पण गिळणारा तो स्वतः आहे. 'टेम्पेस्ट'मध्ये शब्द कुणीतरी दुसरं गिळतंय असं वाटतं. कदाचित त्यांना तेच हवं असेल. २०१८ च्या अमेरिकेतलं गाणं आहे, कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटातून माणसाचं म्हणणं पोचत नाही, हे मला कळतं. कळतं आणि तरी ऐकवत नाही.

खर्ज

उशिरा लिहितोय, धागा दोनदा वाचून.

पार्करला डिसेंबर २०२० मध्ये अंडाशयाचा कर्करोग असल्याचं कळलं. ती ५ नोव्हेंबर २०२२ ला गेली, ५५ वर्षांची होती. ती गेली आणि लो थांबला. 'हे व्हॉट' तिच्या आजाराचा अल्बम आहे असं पुष्कळदा वाचायला मिळतं. मला तसं म्हणताना जपावंसं वाटतं. गाण्यांना आपण नंतर कळलेली गोष्ट चिकटवतो. तरी ऐकताना ती मनातून जात नाही, हेही खरं.

माझे बाबा गेले तेव्हा माझ्याकडे त्यांच्या आवाजाचे फोनवरचे काही निरोप उरले. वाऱ्यात उभं राहून बोललेले, आवाज तुटणारा, मध्ये-मध्ये नुसती घरघर. पहिले काही महिने मला ती घरघर नकोशी व्हायची, एका ओळखीच्या माणसाकडून एक निरोप साफ करून घेतला. आवाज स्वच्छ झाला आणि बाबा कुठेतरी कमी झाले. वारा काढताना त्यांच्या आवाजाची धारही थोडी गेली होती. मी परत मूळ निरोपच ऐकतो. आता घरघर सुरू झाली की मला कळतं, ते आता बोलणार आहेत.

म्हणून 'हे व्हॉट'मधलं 'डेज लाइक दीज'. सुरुवातीला दोघं जवळजवळ काहीही साथ न घेता गातात, एखाद्या प्रार्थनेसारखं. दुसऱ्या कडव्याला तेच आवाज फाटतात, करवतीसारखे. आणि नंतर गाणं संपल्यासारखं होऊन किती तरी वेळ नुसतं तरंगत राहतं, मधूनच एखादा शब्द. त्यातला कुठला भाग सुंदर आणि कुठला बिघडलेला हे मला आता वेगळं करता येत नाही.

स्पारहॉकनं २०२४ मध्ये 'व्हाइट रोझेस, माय गॉड' काढला, एकट्याचा. त्यात त्यानं स्वतःचा आवाज यंत्रातून इतका बदललाय की ओळखू येत नाही, उंच, पातळ, कुणा वेगळ्याच जिवाचा. साथीला यांत्रिक ठोके. काहींना तो विचित्र वाटला. मला वाटलं, ज्या आवाजाच्या शेजारी दुसरा आवाज तीस वर्षं असायचा, तो आवाज एकटा ऐकणं त्यालाच जड गेलं असेल. पुढच्या वर्षी डुलूथच्याच ट्रॅम्पल्ड बाय टर्टल्स या मित्रबँडबरोबर त्यानं अल्बम केला, त्यात तो पुन्हा स्वतःच्या आवाजात गातो. भोवती बँजो, फिडल, माणसं.

एकतारा

खर्ज, बाबांबद्दल लिहिलंत ते वाचून थांबलो. आज दुसरं काही ऐकणार नाही.

तबकडी

काल रात्री 'डबल निगेटिव्ह' पहिल्यापासून शेवटपर्यंत लावला, मध्ये न थांबवता, स्पीकरवर. एकोणपन्नास मिनिटं. उत्तररात्र म्हणाले तसं 'फ्लाय'ला खरंच श्वास सुटला. हे आधी कधी झालं नव्हतं, कारण मी नेहमी 'कोरम' ओलांडून पुढे जायचे. 'टेम्पेस्ट' अजूनही आवडलं नाही आणि आता आवडून घ्यायचा प्रयत्न सोडलाय.

पण 'डिसअरे' संपल्यावर लगेच सवयीनं माझा २००१ चा अल्बम लावला. पहिलंच गाणं, 'सनफ्लॉवर'. ते दोघं एकदम इतके जवळ आले की मी हात पुढे करून आवाज कमी केला. त्या अल्बमचा आवाज मी इतक्या वर्षांत कधी कमी केला नव्हता.

'ड्रम्स अँड गन्स' मी ऐकलेलाच नाही, त्या काळात मी त्यांच्यावर रुसले होते. कुठून सुरू करू?

एकतारा

'ब्रेकर'. टाळ्या, ऑर्गन आणि ते दोघं, बाकी काही नाही. त्या अल्बममध्ये गाणाऱ्यांचे आवाज एकाच बाजूला ठेवलेत, दुसरा कान जवळजवळ मोकळा राहतो. हेडफोन लावलात तर वायर हलवून बघू नका, ते तसंच आहे.